धानाच्या मुलखातला सांभार

पोंभुर्ण्याच्या बाजारात कोथिंबीर मागितली तर मिळते, पण मागणारा बाहेरगावचा आहे हे भाजीवालीला लगेच कळतं. इथं तो सांभार. नाम पुल्लिंगी, रुबाबही पुल्लिंगी. ‘सांभार कसा लावला?’ असं विचारायचं, भाव ऐकून चेहरा पाडायचा आणि बाकीची भाजी घेऊन झाली की वर चार काड्या फुकट मागायच्या. पश्चिमेला पुण्या-नाशकाकडे कोथिंबीर, त्याच्याही पलीकडे गुजरातीत कोथमीर. दक्षिणेला तेलंगणात शिरलं की कोत्तिमीर, आणखी खाली कन्नडात कोत्तंबरी. उत्तरेला आणि पूर्वेला, मध्य प्रदेश-छत्तीसगडाकडे, धनिया. या सगळ्यांच्या मधोमध विदर्भ, आणि विदर्भाच्या आग्नेय भागात वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला हा तालुका. नदीपल्याडचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. चारही दिशांना शेजाऱ्यांनी आपापली नावं मांडून ठेवली आहेत, आणि इथल्या माणसानं त्यातलं एकही उचललेलं नाही.

विदर्भातला मुलगा शिकायला पुण्याला जातो, मंडईत सांभार मागतो आणि भाजीवाला त्याला उडप्याच्या हॉटेलाचा पत्ता सांगतो, हा किस्सा आपल्याकडे प्रत्येक घरात कुणाच्या ना कुणाच्या नावावर जमा आहे. आता तो सांगणंही बंद करायला हवं. पण चंद्रपूर जिल्ह्यात गोंधळ दोघांत नसून तिघांत आहे. इडलीबरोबरचं सांबार, सांदवाडीतला, म्हणजे घरामागच्या परसातला, सांभार आणि ताडोब्याच्या जंगलातलं सांबर. यातल्या जनावराचं घराणं अगदी वेगळं. संस्कृतातला शंबर तो हा. इथल्या झाडीबोलीला श मानवत नाही, तिच्या जिभेवर त्याचा स होतोच, पण इथं ते प्रमाण मराठीनंही केलं. त्याचा आणि भाजीचा संबंध एवढाच की कुंपण पडकं असलं तर पहिला दुसऱ्याला रात्रीतून साफ करतो.

उरलेली दोन मात्र सख्खी भावंडं आहेत.

मूळ शब्द संभार. सम् आणि भृ. एकत्र आणलेलं, जमवलेलं, जुळवलेलं ते संभार. वैदिक यज्ञात अग्नीची स्थापना करण्याआधी वाळू, वारुळाची माती, खारी माती असे निरनिराळे पदार्थ गोळा करत, त्यांना संभार म्हणत. मराठीत आजही पूजेचा संभार मांडतात, आणि केशसंभार हा शब्द जाहिरातवाल्यांनी झिजवला असला तरी शाबूत आहे. यज्ञातून हा शब्द चुलीपाशी आला तेव्हा त्याचा अर्थ फार बदलला नाही. स्वयंपाकाला लागणारी जुळवाजुळव, म्हणजे मसाला. गुजरातीत हा अर्थ अजून ठसठशीत आहे. भाजीत भरायचा किंवा लोणच्याला लावायचा मसाला तो संभार, आणि तो भरून केलेलं शाक ते संभारियुं. पारशी स्वयंपाकघरात सांभार मसाला वेगळ्या बरणीत असतो. कोकण-गोव्याकडे सांबारं म्हणजे मसाला लावून केलेली एक भाजी किंवा कालवण. तमिळनाडूत पोचेपर्यंत शब्द मसाल्यावरून मसाल्याच्या पातळ डाळीवर गेला.

तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजे पाहुणे म्हणून आले, आमसूल संपलं होतं म्हणून आमटीत चिंच घातली आणि तिला पाहुण्याचं नाव पडलं, अशी एक गोष्ट सगळीकडे छापून येते. ऐकायला गोड आहे. पण संभार म्हणजे मसाला हा अर्थ गुजरातेपासून गोव्यापर्यंत पसरलेला असताना, एका शब्दासाठी छत्रपतींना चुलीपुढे उभं करायची काय गरज? व्युत्पत्तीत राजे आले की मी जरा सावध होतो.

विदर्भानं या शब्दाचं जे केलं ते कुणीच केलं नाही. बाकीच्यांनी संभाराचा मसाला केला, मसाल्याचं कालवण केलं. विदर्भानं सगळी सामग्री बाजूला सारली आणि तिच्यातल्या एका हिरव्या पानाला सगळ्यांचं नाव देऊन टाकलं. भाषेत असं होतं. अन्न म्हणजे खाल्लं जातं ते कुठलंही, पण पोंभुर्ण्यात ‘जेवलास का’ म्हणजे भात खाल्लास का. जे रोज हाताशी, ते सगळ्या जातीचं नाव आपल्या नावावर करून घेतं. इथल्या रोजच्या भाजीत गरम मसाल्याची मिजास नव्हती. तिखट, मीठ, हळद, लसूण, भेदरे म्हणजे टोमॅटो, आणि वरून चिरलेला सांभार. मसाला म्हणून डोळ्यांना दिसायचं आणि नाकाला कळायचं ते हेच पान, तेव्हा संभार तो हाच. आणि हिवाळ्यात हा आणखी पुढे सरकतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या सांबारवडीत तो वरून भुरभुरत नाहीत, आत ठासून भरतात. खसखस, खोबरं, तिखट हे सगळे त्याच्या लग्नातले वऱ्हाडी. या वडीचं दुसरं नाव पुडाची वडी, कारण ती पुड्यासारखी बांधतात. एका नावात बांधणी, एका नावात सारण. ‘सांबार’ की ‘सांभार’ हा वाद घालणाऱ्यांनी तो वडी खाऊन झाल्यावर घालावा. मूळ शब्दात भ आहे, म्हणून मी भ लिहितो. वडीला मात्र हॉटेलवाल्यांनी ब लावून ठेवला आहे, त्याला इलाज नाही.

याच सम् आणि भृ च्या घरात आणखी एक मराठी शब्द नांदतो, असं मानतात. सांभाळणे. जमवलेलं धरून ठेवणं, राखणं. र चा ल आणि ल चा ळ होत शब्द इतका दूर गेला की नातं ओळखू येत नाही. पण झाडीबोलीत ते पुन्हा ओळखू येतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या बोलीत ळ नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तेव्हा कुठे तिला ‘अशुद्ध मराठी’ म्हणण्याची सवय थोडी कमी झाली. ळ च्या जागी तिथं र येतो. काळा तो कारा, डोळा तो डोरा. मग सांभाळ म्हणायचं तर तोंडातून येतं सांभार. आजी नातवाला सांदवाडीत पाठवून कोंबड्यांपासून सांभार सांभाळायला सांगते, तेव्हा तिच्या वाक्यात एकच शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा बरोबर असतो. पंडितांनी जे नातं कोशात धुंडाळून काढलं, ते बोलीनं ळ टाकून देऊन फुकटात परत मिळवलं. हा योगायोग आहे, पुरावा नाही. पण असले योगायोग गमवायचे नसतात.

आता पेरणी. सांभार पेरायचा तर सांभाराचं बी आणायला कुणी जात नाही, धने आणायला जातात. पान सांभार, बी धने, आणि दोन नावांत एकही अक्षर सारखं नाही. धने हा शब्द धान्यक किंवा धान्याक या संस्कृत रूपावरून आला. धान्यासारखं, छोटं धान्य, असा त्याचा भाव. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं झाड पाहिलं नव्हतं, किंवा पाहून सोडून दिलं होतं. त्याच्यापुढे होती मूठभर वाळलेली दाणेदार वस्तू. पोंभुर्णा हा धानाचा मुलूख. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव, बोड्या, बांध्या, आणि पावसाळाभर पाण्यात उभा असलेला धान. हा धान, धान्य आणि धने एकाच वाड्यातले. कोठीत पोत्यानं असतो तो थोरला आणि डब्यात वाटीभर असतो तो धाकटा. पेरणीही याच क्रमानं होते. दिवाळीच्या आगेमागे थोरल्याची कापणी उरकली, अंगाला गारवा लागायला लागला, की मागच्या दारी धाकट्याचा वाफा पडतो.

किराणा दुकानातले धने उगवतात का, हा प्रश्न नेहमीचा. भाजलेले नसतील, फार जुने नसतील आणि अख्खे असतील, तर उगवतात. पण ते जसेच्या तसे मातीत टाकू नयेत. धन्याचा एक दाणा हातात घेऊन उजेडात पाहावा. गोल, पिवळट तपकिरी, वरून खाली बारीक धारा, माथ्यावर एक सुकलेलं टोक. आपण त्याला बी म्हणतो, पण ते फळ आहे. अंगठा आणि तर्जनीत धरून जरा दाबलं की बरोबर मधून दोन वाट्या होतात, आणि प्रत्येक वाटीत एक बी. म्हणून पेरण्याआधी धने पाटावर पसरून वरून लाटणं किंवा चपलेचा तळ हलक्या हातानं फिरवायचा. जोर लावला तर भुकटी होते, ती मग भाजीत घालावी. फुटलेले धने रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल ओळीत. वर शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती. पाणी झारीनं, धारेनं नाही. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि कडाक्याच्या थंडीत पंधरवडाही लागतो. घाईचा माणूस याच काळात वाफा उकरून पाहतो, आणि त्याचा सांभार विरळ येतो. सोटमूळ खोल जाणारं, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलं तर रुसतं. जिथं पेराल तिथंच वाढवावं लागतं.

उगवताना आधी येतात दोन लांबट, साधी पानं. ती पाहून हा सांभार आहे असं कुणी म्हणणार नाही. मग गोलसर, कातरलेल्या काठाचं ओळखीचं पान. पाच-सहा आठवड्यांत खुडायला येतं. तिथंच बहुतेक घरांत गोष्ट संपते, कारण सगळा सांभार पोटात जातो. पण वाफ्याच्या कडेची चार-दोन रोपं राखली, तर पुढचं नाटक बघायला मिळतं. जानेवारी उलटून ऊन तापायला लागलं की मधला दांडा सरसर वर जातो, आणि त्याच्यावरची नवी पानं एकदम निराळी निघतात. गोलाई गेली, राहिल्या नुसत्या चिंध्या, शेपूच्या पानासारख्या बारीक. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, ती धग यायच्या आत बी धरून मोकळं व्हायची झाडाला घाई असते. मग दांड्याच्या टोकाशी एका बिंदूतून बारीक काड्या फाकतात, प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा तशाच आणखी बारीक काड्या, आणि त्यांच्यावर पांढरी, जराशी गुलाबी झाक असलेली फुलं. बाहेरच्या ओळीतल्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा मोठ्या असतात, झालर लावावी तशा. खालून पाहिलं तर उघडी छत्री.

अमरकोश उघडावा तो इथं. त्यातल्या वैश्यवर्गात, सुंठ-मिऱ्यांच्या शेजारी, धन्याची नावं एकापुढे एक दिली आहेत. छत्रा, वितुन्नक, कुस्तुंबुरु, धान्याक. पाठ करणाऱ्याला ही समानार्थी शब्दांची माळ वाटते. वाफ्याशी बसून वाचणाऱ्याला तो रोपाच्या वाढीचा पंचनामा वाटतो. धान्याक हा दाणा. छत्रा हे फूल, याबद्दल तर शंकेला जागाच नाही. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या कुळाला आधी अंबेलिफेरी म्हटलं होतं, छत्रीवरूनच. आता त्याला एपिएसी म्हणतात आणि नावातली छत्री मिटली आहे. जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर आणि हिंग, सगळे या छत्रीखालचे. राहिलं वितुन्नक. वितुन्न म्हणजे टोचलेलं, फाटलेलं. मला ही ती वरची चिंध्यांची पानं वाटतात. बाजारात जुडी घेणाऱ्याला हे नाव कधी सुचणार नाही, कारण ती पानं बाजारात येतच नाहीत. येतील ती जून झालेल्या सांभाराची, आणि गिऱ्हाईक ती परत करील. हे नाव ठेवणाऱ्यानं झाड शेवटपर्यंत उभं राहू दिलं असणार. दाण्याला एकानं नाव दिलं, पानाला दुसऱ्यानं, फुलाला तिसऱ्यानं. आणि विदर्भानं दिलं ते चौथं, स्वयंपाकिणीचं. तिला झाड कसं दिसतं याच्याशी घेणं नव्हतं, ते भाजीत काय करतं एवढंच तिनं पाहिलं.

कुस्तुंबुरु मात्र यातल्या कशालाच दाद देत नाही. हाच शब्द पुढे कुस्तुंबरी होऊन मराठीत कोथिंबीर झाला. वाट सरळ आहे. संस्कृतातल्या स्त चा प्राकृतात त्थ होतो, मराठीत थ उरतो, आणि आधीचा उ सैलावून ओ होतो. पुस्तकाची पोथी झाली ती याच वाटेनं. पु चा पो, स्त चा थ. कु चा को, स्त चा थ. पोथी आणि कोथिंबीर एकमेकींशेजारी ठेवल्या की शाळेतलं व्याकरण एकदम चविष्ट होतं. शेजारच्या द्राविडी भाषांतही हाच शब्द वेश बदलून आहे. तेलुगूत कोत्तिमीर, कन्नडात कोत्तंबरी. तमिळांनी तर त्याचं कोत्तमल्ली करून टाकलं, म्हणजे त्यात आपला कोत्तु, म्हणजे घोस, आणि मल्ली, म्हणजे मोगरा, ऐकून घेतला. परक्या शब्दात आपल्या घरचा आवाज ऐकायची खोड सगळ्याच भाषांना असते.

पण मुळात कुस्तुंबुरु म्हणजे काय? पाणिनीला इथं अडल्यासारखं झालं. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात, पहिल्या पादात, १४३ वं सूत्र खास या एका शब्दासाठी आहे. कु आणि तुंबुरु यांच्या मधे एक स् आगंतुक येतो, पण तो वनस्पतीची जात सांगायची असेल तरच, असा त्याचा मतलब. नियमानं शब्द सिद्ध होईना, तेव्हा तयार रूपच मान्य करून टाकलं. ज्या सूत्रांच्या रांगेत हे बसलं आहे तिथं आश्चर्य आहे, हरिश्चंद्र आहे, आणि मस्कर, म्हणजे बांबूही आहे. असा आगंतुक स् असलेल्यांची ती पंगत. त्यात धने आणि बांबू एकत्र जेवायला बसलेले पाहून चंद्रपूरच्या माणसाला बरं वाटावं. जंगलात एक आणि परड्यात दुसरा.

सातव्या शतकातल्या काशिका या टीकेनं या सूत्राचा खुलासा करताना एक उलटं उदाहरण दिलं आहे. स् नको असेल तेव्हा काय? तेव्हा कुतुंबुरु, म्हणजे वाईट तुंबुरु. आणि तुंबुरु म्हणजे काय, तर तिंदुकीची फळं. हे वाचताना मी थबकलो. तिंदुक म्हणजे हिंदीतला तेंदू, आपली टेंभुर्णी. उन्हाळ्यात पोंभुर्ण्याच्या आसपासच्या जंगलात पहाटे बायाबापड्या जिच्या पानांसाठी जातात आणि येताना पदरात पिकली टेंभरं घेऊन येतात, ती. म्हणजे व्याकरणकारानं एका अक्षराच्या फरकानं सांदवाडी आणि जंगल यांच्यात रेघ ओढली. स् असला तर वाफ्यातले धने, नसला तर जंगलातली किडकी टेंभरं. पोंभुर्णा आणि टेंभुर्णी यांचं यमकही इथं कानाशी येऊन खुणावतं. पण यमकावर गावाची व्युत्पत्ती उभी करण्याचा धंदा आपल्याकडे पुष्कळ चालतो, त्यात भर नको.

धन्याचा टेंभराशी मेळ बसत नाही, हे मात्र कुणालाही दिसेल. टेंभरू सुपारीपेक्षा मोठं, गरानं भरलेलं. धना ज्वारीच्या दाण्याएवढा. आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये तुंबुरुचा दुसरा एक अर्थ आहे, तेजबल. नेपाळात ज्याला टिमुर म्हणतात आणि कोकणातलं तिरफळ ज्याच्या नात्यातलं, तो. गोल, छोटा, फोडला की दोन वाट्या होणारा, वासाचा. कुस्तुंबुरुला खरंच तुंबुरुची कनिष्ठ आवृत्ती म्हणायचं असेल, तर हा तुंबुरु हवा. गरिबाचा टिमुर. हे शक्य आहे, पण माझं मन दुसरीकडे जास्त ओढ घेतं.

पश्चिम आशियात धन्याला काय म्हणत ते पाहावं. अक्कादीत किसिबिर्रु, आरामाईत कुस्बर्ता, आजच्या अरबीत कुझबरा. कु, स, ब, र. हा नुसता यमकाचा मामला नाही. वस्तू तीच, सांगाडा तोच, आणि झाडही मूळचं त्याच बाजूचं. तुतनखामेनच्या थडग्यात, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी, मेलेल्या राजाबरोबर धने ठेवले होते. आणि पाणिनी कुठला? शलातुरचा, अटकेजवळचा, गांधारातला. त्या भागावर इराणी हखामनी साम्राज्याची सत्ता आली होती आणि त्या साम्राज्याच्या दप्तराची भाषा होती आरामाई. बाजारात धने त्याच वाटेनं येत असतील तर नाव वेगळ्या वाटेनं का येईल? परका शब्द दारात उभा राहिला, पंडितांनी त्यात आपला कु आणि आपला तुंबुरु ऐकला, मधला स् उरला, त्याला आगंतुक म्हणून सूत्रात पाट मांडून दिला. तमिळांनी मोगरा ऐकला, संस्कृतानं तुंबुरु. मला तरी हा हिशेब जुळलेला वाटतो.

ग्रीकांनीही आपल्या परीनं असाच घोळ घातला. त्यांचा कोरिअन्नोन, त्यावरून इंग्रजांचा कोरिअँडर. ग्रीकात कोरिस म्हणजे ढेकूण, म्हणून हिरव्या पानाला ढेकणाचा वास येतो यावरून हे नाव पडलं, असं वनस्पतिशास्त्राची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. पुढे क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्या वाचल्या गेल्या, तेव्हा त्यांत धन्याच्या हिशेबात या शब्दाचं फार जुनं रूप निघालं, कोरिहदन असं काहीसं, आणि ढेकणाची गोष्ट लंगडी पडली. तरी ती मरत नाही, कारण वासात तथ्य आहे. सांभाराच्या पानातली आणि ढेकणाच्या अंगातली वासाची द्रव्यं रसायनशास्त्राच्या दृष्टीनं चुलत भावंडं आहेत. काही माणसांना वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकामुळे सांभार साबणासारखा लागतो, असंही आढळलं आहे. अशी माणसं विदर्भात जन्मली तर त्यांचं कठीण आहे. सगळा संभारच साबणाचा. धने वाळल्यावर मात्र तो उग्रपणा निघून जातो, लिंबाच्या सालीच्या जवळ जाणारा गोड वास उरतो. पान आणि दाणा यांची नावं वेगळी असण्याला नाकाचाही पाठिंबा आहे.

चवीच्या वस्तूंची नावं या तालुक्याला नवी नाहीत. डोंगरहळदी नावाचं गाव इथं आहे. झाडीबोलीच्या नियमानं हळद ती हरद, पण सरकारी पाटीवर ळ कायम आहे. चिंतलधाबा आहे. त्यातलं चिंत म्हणजे तेलुगूतली चिंच असावी, आणि संस्कृतातली चिंचा तिच्यापासून फार लांब नाही. दक्षिणेला सिरोंच्याच्या बाजूनं जाल तशी तेलुगू दाट होत जाते, त्यामुळे अशा नावांचं इथं नवल नाही.

आणि मिरची तर इथल्या माणसाला गाव सोडायला लावते. धान निघाला की पोंभुर्णा, गोंडपिपरी, मूल, चामोर्शीकडचे मजूर कुटुंबंच्या कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात. २०२० च्या टाळेबंदीत खम्ममच्या बाजूला अडकलेले असे हजारो लोक जंगलातून पायी परतले, तेव्हा ही वाट बाकीच्या महाराष्ट्राला कळली. ज्या पिकासाठी ते जातात तेच मुळात उसन्या नावाचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजातून अमेरिकेतलं तिखट आलं, आणि आपण त्याला मिऱ्याचं नाव देऊन टाकलं. मरीच, मिरी, मिरची. तेलुगूंनीही तेच केलं, मिरपकाय. मिरपकाय दोन्हीकडच्या माणसाला कळते. अडचण सांभाराची होते. मळ्यावरच्या झोपडीत रात्रीच्या वरणासाठी तो हवा असतो, आणि जवळच्या दुकानात सांभार म्हटलं की दुकानदार डाळीचा मसाला पुढे करतो. तोही चुकत नाही, संभारच देतो. मग मजूर कोत्तिमीर शिकतात आणि काम संपेपर्यंत तोच शब्द चालवतात. पुण्याला गेलेल्या त्यांच्या गावच्या पोराला कोथिंबीर शिकावी लागते. दोघांनी शिकलेला शब्द खरं तर एकच आहे, पण हे त्या दोघांपैकी कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नाही.